स्पॅनिशचा भूतकाळ मराठीच्या आधाराने शिकवावा

महोदय,

ठाण्यातील मराठी घरांतली मुले जर्मन, फ्रेंचबरोबर आता स्पॅनिशच्या वर्गांनाही जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या मुलांना स्पॅनिश इंग्रजीच्या आधाराने शिकवली जाते आणि त्यामुळे त्या भाषेतील भूतकाळ विनाकारण अवघड होऊन बसतो, याकडे मी लक्ष वेधू इच्छिते. माझी नात अकरावीत आहे. तिच्या सोबतीने वर्षभर मीही स्पॅनिश शिकते आहे, आणि त्याआधी ३१ वर्षे मी शाळेत मराठी शिकवले आहे.

घडून गेलेली गोष्ट पुरती झाली म्हणून सांगायची असेल, तर स्पॅनिशमध्ये 'इन्देफिनिदो' हे रूप येते. तेव्हा चालू असलेली, वारंवार घडणारी किंवा त्या वेळची स्थिती सांगायची असेल, तर 'इम्पेर्फेक्तो'. गेल्या महिन्यात नातीला लहानपणाविषयी दहा ओळी लिहायच्या होत्या. आजी मला रोज संध्याकाळी तलावपाळीवर न्यायची, असे तिला लिहायचे होते आणि तिने क्रियापद घातले 'येवो'. वही परत आली तेव्हा त्यावर लाल रेघ होती आणि शेजारी 'येवाबा' अशी दुरुस्ती. का चुकले, हे तिला उमगेना. विचारल्यावर कळले, की वाक्य तिच्या मनात आधी इंग्रजीत जुळले होते, आणि इंग्रजीतले 'टुक' आजीने एकदा नेले तरी चालते व रोज नेले तरी चालते. मी म्हटले, "हेच मला मराठीत सांग." ती लगेच म्हणाली, "तू मला रोज न्यायचीस." 'नेलेस' असे ती म्हणाली नाही, म्हणणारही नव्हती. जो फरक वर्गात तीन आठवडे समजावून सांगितला जात होता, तो तिच्या तोंडी लहानपणापासून होता.

आपल्या शालेय व्याकरणात याला रीती भूतकाळ म्हणतात: 'नेत असे', 'नेई', बोलताना 'न्यायची'. त्याच्या जोडीला 'नेत होती' हा अपूर्ण भूतकाळ आहे. स्पॅनिशचे एकटे 'येवाबा' ही दोन्ही कामे करते, आणि 'नेले' म्हणजे 'येवो'.

मराठीचा खरा उपयोग तर पुढे होतो. 'साबेर' म्हणजे माहीत असणे. त्याचे 'साबीआ' म्हणजे 'मला माहीत होते', पण 'सुपे' म्हणजे 'मला कळले'. 'कोनोसीआ' म्हणजे 'मी त्यांना ओळखत होते', तर 'कोनोसी' म्हणजे 'माझी त्यांच्याशी ओळख झाली'. वर्गात यांची 'अर्थ बदलणारी क्रियापदे' अशी यादी पाठ करून घेतात. वास्तविक अर्थ बदलत नाही. एकीकडे स्थिती आहे, दुसरीकडे ती स्थिती सुरू झाल्याचा क्षण आहे, आणि मराठीने त्या दोहोंसाठी वेगळी क्रियापदे केव्हाच ठरवून ठेवली आहेत.

दुसरी हानी खुणेच्या शब्दांच्या तक्त्यांनी होते. 'काल' दिसले की इन्देफिनिदो, 'रोज' दिसले की इम्पेर्फेक्तो, असे मुलांना सांगतात. मग 'काल मी निघाले तेव्हा पाऊस पडत होता' या वाक्यात काय करायचे? निघणे इन्देफिनिदोत जाते आणि पाऊस इम्पेर्फेक्तोत, 'काल' मात्र दोघांचा एकच. व्हेनेझुएलात जन्मलेले व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी १८४७ साली चिलीत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात इम्पेर्फेक्तोला 'कोप्रेतेरितो', म्हणजे दुसऱ्या भूतकालीन घटनेच्या सोबत असणारा काळ, असे नाव दिले आणि मेक्सिकोच्या शाळांत ते आजही वापरतात. मी निघाले त्या क्षणी पाऊस सोबत होता, एवढे मुलांच्या लक्षात आले तरी तक्ता लागत नाही.

मराठीवर डोळे मिटून विसंबता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. 'मी ३१ वर्षे शिकवत होते' हे आपण सहज बोलतो, म्हणून मी 'एन्सेन्याबा' लिहिले आणि ते चुकले. तिथे 'एन्सेन्ये' हवे, कारण ३१ वर्षांचा काळ मोजून पुरा झाला आहे. काम कितीही दीर्घ चालले असले तरी त्याला दोन्ही बाजूंनी हद्द घातली, की स्पॅनिश ते इन्देफिनिदोत टाकते. ही ठेच मराठी माणसाला हमखास लागते, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत तिची सूचना मला कुठेही आढळली नाही. 'आज सकाळी न्याहारी केली' यासाठी माद्रिदमध्ये 'ए देसायुनादो' आणि मेक्सिकोत 'देसायुने' म्हणतात, हा भेद प्रदेशाचा आहे; तो नंतर शिकवला तरी चालेल.

माझी विनंती वर्ग चालवणाऱ्यांना आणि क्रमिक पुस्तके काढणाऱ्यांना आहे. भूतकाळाच्या धड्यात इंग्रजी वाक्याशेजारी मराठी वाक्यासाठी एक रकाना द्यावा आणि रीती भूतकाळाचे नाव तिथे स्पष्ट घ्यावे. नातीच्या आणि माझ्या वहीतून अशी ६० वाक्ये मी जुळवली आहेत, जिथे मराठी दगा देते ती वेगळी काढून. ठाणे किंवा नवी मुंबईतील कोणत्याही वर्गाला ती हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत मी आनंदाने पाठवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे