माशी-सापळ्याच्या मराठी पत्रकात छापलेल्या उलट सूचनेबद्दल तक्रार

दि. १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : माश्यांच्या सापळ्यासोबतची चुकीची मराठी सूचना, त्यामुळे झालेलं नुकसान आणि पत्रक बदलण्याची मागणी

महोदय / महोदया,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहते. आमच्या मागीलदारी खुराडं आहे. त्यात १४ गावरान आणि ८ गिरिराज कोंबड्या. धंदा म्हणावा एवढं काही नाही, पण घरची अंडी होतात, उरलेली वाडीत जातात आणि त्यातून कोंबड्यांच्या खाण्याचा खर्च सुटतो. पावसाळ्यात माश्या दरवर्षीच होतात, यंदा जरा जास्त झाल्या. २७ ऑगस्टला गणपती, मुंबईची सगळी मंडळी येणार, त्याआधी माश्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून २ ऑगस्टला मी तुमच्या सापळ्याच्या दोन पिशव्या ऑनलाइन मागवल्या. प्रत्येकी ३४९ रुपये, एकूण ६९८.

पाकिटात घडीचं पत्रक होतं, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी. मराठीत छापलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिते : ‘पिशवी खुराड्याच्या आत किंवा दारापाशी टांगावी.’ त्याच्याच वर मोठ्या अक्षरांत ‘७ दिवसांत खुराडं माशीमुक्त’. मी ८ ऑगस्टला पाणी भरून एक पिशवी खुराड्यात आढ्याला आणि दुसरी दाराच्या चौकटीला टांगली.

तिसऱ्या दिवशी पिशवीतलं पाणी तपकिरी झालं आणि सुकटीची टोपली पावसात भिजून कुजावी तसा वास सुटला. माश्या पिशवीत पडत होत्या, हे खरं आहे. आठवड्यात पिशवी अर्धी काळी झाली. पण पडत होत्या त्याच्या कितीतरी पट बाहेर घोंगावत होत्या. पूर्वी आमच्याकडे साध्या घरमाश्या असायच्या, आता हिरव्या-निळ्या चकचकीत माश्याही यायला लागल्या. अंड्यांवर माश्यांच्या शिटेचे बारीक काळे ठिपके पडू लागले. पुसून निघत नाहीत, आणि अंडी धुतली की टिकत नाहीत. स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं क्षणभर उघडं ठेवायची सोय राहिली नाही.

१४ ऑगस्टला मी तुमच्या मदत क्रमांकावर फोन केला. पिशवी कुठे टांगली आहे, हे पलीकडच्या व्यक्तीने विचारलंसुद्धा नाही. माश्या जास्त असतील तर आणखी दोन पिशव्या घ्या, एवढंच सांगितलं. १८ तारखेला पुन्हा फोन केला, तेव्हाही तेच उत्तर. पत्रकाचा फोटो मेलवर पाठवला, त्याला आजपर्यंत पोच नाही.

२२ ऑगस्टला सकाळी खुडूक बसलेली माझी एक गावरान कोंबडी उठेना. तिच्याखाली ९ अंडी होती. उचलून पाहिलं तर शेपटीखाली जखम आणि त्या जखमेत अळ्या वळवळत होत्या. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, चिमट्याने एकेक अळी काढली आणि तिला घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. चौथ्या दिवशी ती गेली. दुसरी खुडूक नव्हती, त्यामुळे अंडीही वाया गेली. ती जखम तुमच्यामुळे झाली असं मी म्हणणार नाही, दुसऱ्या कोंबडीने टोचलं असेल. पण अशा जखमेवर अंडी घालणाऱ्या हिरव्या माश्या खुराड्याच्या आत बोलावल्या त्या तुमच्या पिशवीने, आणि ती पिशवी तिथे टांगायला सांगितली तुमच्या पत्रकाने.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कोंबडीला तपासता तपासता पहिला प्रश्न विचारला तो सापळा कुठे टांगलाय हाच. मग त्यांनी नीट समजावलं. या पिशवीत विष नसतं, आमिष असतं. ते आंबून जो वास सुटतो त्याच्यामागे माश्या लांबून येतात. म्हणून ती घरापासून आणि खुराड्यापासून दूर टांगायची, म्हणजे माश्या इथून तिकडे जातात. खुराड्यात टांगली तर तिकडच्या इथे येतात. शिवाय कोंबड्या खाली पडलेल्या माश्या टिपतात, त्यातून त्यांना पट्टकृमी होऊ शकतात, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या दारातली पिशवी तर एकदा पावसाच्या झडीत सांडली होती आणि कोंबड्या त्या घाणीवर तुटून पडल्या होत्या.

घरी आल्यावर पत्रकाची इंग्रजी बाजू कॉलेजात जाणाऱ्या पुतणीकडून वाचून घेतली. तिथे स्पष्ट छापलंय की पिशवी घर आणि जनावरांच्या जागेपासून किमान २० फूट दूर टांगावी. एकाच कागदाच्या दोन बाजूंना दोन उलट गोष्टी! इंग्रजी वाचणाऱ्याला बरोबर माहिती आणि मराठी वाचणारीने मात्र माश्या घरात ओढून घ्यायच्या? याचा मला फार राग आला आणि आजही आहे. खुराडी आमच्यासारख्यांच्याच मागीलदारी असतात, आणि आम्ही मराठी बाजूच वाचतो.

‘माशीमुक्त’ या दाव्याबद्दलही लिहिते. पिशवी फक्त उडणारी माशी पकडते. माशी एका वेळेला शंभर-सव्वाशे अंडी घालते, एक दिवसात त्यातून अळी निघते आणि उबेत ७ ते १० दिवसांत नवीन माशी तयार होते. हे सगळं चालतं ओल्या शिटेत. ती ओल मोडल्याशिवाय कितीही पिशव्या टांगा, खालून पैदास सुरूच राहते. याबद्दल तुमच्या पत्रकात एक ओळही नाही. माझ्याकडून काय चुकत होतं, तेही मला डॉक्टरांशी बोलल्यावरच कळलं. कोंबड्यांचं पाण्याचं भांडं गळत होतं आणि त्याच्या खालचं तूस सतत भिजलेलं असायचं. फावड्याने ते उलटलं तर खाली पांढऱ्या अळ्यांचा नुसता बुजबुजाट. मी भांडं बदललं, विटांवर ठेवून कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणलं. ओलं तूस पूर्ण काढलं, जमिनीवर चुना मारला, चार बोटं कोरडं तूस पसरलं आणि आता एक दिवसाआड ते खालीवर करते. काढलेली शीट पूर्वी माडांच्या आळ्यांत उघडी टाकायचे, आता ढीग करून काळ्या प्लास्टिकने घट्ट झाकते. आत इतकी गरमी होते की अळ्या जगत नाहीत. तुमची उरलेली पिशवी २३ ऑगस्टला खुराड्यापासून पन्नासेक पावलांवर, गडग्यापलीकडच्या आंब्याला टांगली.

आधीच्या अळ्यांतून निघालेल्या माश्या गणपतीत होत्याच. नैवेद्याच्या वेळी सासूबाई मोदकांच्या ताटाशी सूप घेऊन वारा घालत बसल्या होत्या आणि पाहुण्यांसमोर मला मान वर करवत नव्हती. पण ५-६ सप्टेंबरपासून फरक दिसायला लागला आणि आज खुराड्यात मोजक्या माश्या आहेत. म्हणजे तुमची वस्तू वाईट नाही, योग्य जागी टांगली तर ती काम करते. म्हणूनच हे चुकीचं वाक्य जास्त खुपतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या कलम ८४ प्रमाणे, वस्तू कशी वापरावी याची पुरेशी सूचना दिली नाही आणि त्यातून नुकसान झालं, तर उत्पादकावर जबाबदारी येते. माझी मागणी अशी आहे की मराठी पत्रकातली चूक ताबडतोब दुरुस्त करावी, आणि जुना माल अजून दुकानांत असेल तर त्यावर मोठ्या अक्षरांत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी. ‘माशीमुक्त’ हा शब्द काढून शीट कोरडी ठेवण्याबद्दल दोन ओळी घालाव्यात. पिशवी कुठे टांगलीय, हा प्रश्न मदत क्रमांकावरच्या माणसांनी सगळ्यात आधी विचारावा. माझे ६९८ रुपये आणि कोंबडी व अंड्यांचे मिळून ९०० रुपये परत द्यावेत. यातलं पत्रकाचं काम माझ्यासाठी पैशांपेक्षा महत्त्वाचं आहे. आमच्याच वाडीत आणखी दोन घरांत तुमची पिशवी खुराड्यात टांगलेली होती, ती मी स्वतः जाऊन काढायला लावली. बाकीच्या गावांत कोण सांगणार?

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि तिथेही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावती, पत्रकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि दवाखान्याचा केसपेपर सोबत जोडला आहे. रिकामी पिशवी जपून ठेवली आहे, मागाल तर पाठवीन.

आपली,
एक ग्राहक
(पूर्ण नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)