सुसज्ज घराच्या यादीत गॅसची नळी का नसते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून 'सुसज्ज घरासाठी काय काय हवे' अशा याद्या येऊ लागतात. मिक्सर, चिमणी, पाणी शुद्ध करणारे यंत्र, भिंतीला शोभणारे पडदे असे सगळे त्यांत असते आणि नवे घर लावणाऱ्यांना त्याचा उपयोगही होतो. मात्र ज्या वस्तूंवाचून घर खऱ्या अर्थाने राहण्याजोगे होत नाही, त्यांपैकी दोन-तीन वस्तू मला या याद्यांत कधीच आढळल्या नाहीत. त्यांतली पहिली म्हणजे गॅसची नळी.

सहा वर्षांपूर्वी आम्ही नेरुळच्या आमच्या घरातला ओटा नव्याने करून घेतला. शेगडी नवी, चिमणी नवी, खाली सरकत्या ट्रॉल्या. सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात गेला आणि सुताराने प्लायला भोक पाडून नळी वर शेगडीपर्यंत आणली. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मागचे आवरून झाल्यावर खालच्या ट्रॉलीतून परात काढायला वाकले, तेव्हा गॅसचा वास आला. उभे राहिले की वास नाही, वाकले की आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो, हे मला त्या वेळी आठवले हे नशीबच. दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि घराबाहेर येऊन 1906 या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

आलेल्या मेकॅनिकने ट्रॉली उचलून बाजूला ठेवली आणि बॅटरीच्या उजेडात मला नळी दाखवली. प्लायच्या धारदार कडेला घासून घासून तिचे नारिंगी रबर बोटभर जागेत पूर्ण झिजले होते, आतली तारेची जाळी उघडी पडून गंजली होती. नळीवर छापलेले बनावटीचे वर्ष त्याने पुसून वाचले, ते 2015 होते. म्हणजे नव्या ओट्यावर हजारो रुपये खर्च करताना नळी मात्र आम्ही जुनीच जोडून दिली होती. 'सुरक्षा' प्रकारची, म्हणजे अशी आत तारेची जाळी असलेली नळी 5 वर्षांनी बदलावी असे गॅस कंपन्या सांगतात, आणि ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी, भिंतीतून किंवा फळीतून नेऊ नये, तिच्यावर कसलेही आवरण घालू नये, हेही सांगतात. नवी नळी मला तीनशे रुपयांच्या आत मिळाली.

मला वाटते, दोष आमच्या निष्काळजीपणाइतकाच आजच्या ओट्यांच्या रचनेचाही आहे. पूर्वी सिलिंडर डोळ्यांसमोर असायचा, त्यामुळे केर काढता काढता नळीकडे लक्ष जायचे. आता ती दिसणेच वाईट दिसते, म्हणून आपण तिला दाराआड लपवतो. कपाटाला तळाशी व वर हवेसाठी जाळी हवी आणि नळी सहज पाहता आली पाहिजे, एवढे तरी घर सजवून देणाऱ्यांना आपण ठणकावून सांगायला हवे. ज्यांच्याकडे वाहिनीचा गॅस आहे, त्यांच्याकडेही भिंतीवरच्या चावीपासून शेगडीपर्यंत बहुधा रबराचीच नळी असते. फरक इतकाच की तो गॅस हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताकडे जातो. तेव्हा वरचे झरोके बुजवू नयेत.

दुसरी वस्तू विजेच्या पेटीतली. एमसीबी, म्हणजे विजेचा भार फार वाढला की आपोआप पडणारा खटका, तारांना वाचवतो, माणसाला नाही. गीझर किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यात वीज उतरली, तर 30 मिलिअँपिअर गळतीलाच प्रवाह तोडणारा आरसीसीबी नावाचा वेगळा खटका लागतो. त्यावर 'टी' अक्षराचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून खटका पडून वीज जाते का, हे पाहावे. जुन्या वसाहतींत घरे नव्याने रंगवली जातात, पण पेटी उघडून त्यात हे उपकरण आहे की नाही, एवढे कुणी पाहत नाही.

तिसरी वस्तू म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराजवळ, शेगडीपासून दूर टांगलेले लहान अग्निशामक. राज्याच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतल्या यंत्रणेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलै महिन्यात द्यावे लागते, परंतु ती तपासणी जिन्यातल्या आग विझवण्याच्या नळापाशी थांबते. उंबऱ्याच्या आतले आपले आपल्यालाच बघावे लागते. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये, गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवावे, हे घरातल्या मुलांनाही ठाऊक असावे.

त्या रात्रीनंतर शेजारच्या दोन घरांतल्या ट्रॉल्या आम्ही मिळून काढून पाहिल्या. एका नळीवरचे वर्ष तर वाचता येण्याच्याही पलीकडे गेले होते. म्हणून विनंती अशी की, यंदाच्या पुरवणीत घराची यादी छापाल तेव्हा गॅसची नळी पहिल्या ओळीत घ्यावी, आणि तिच्यावरचे वर्ष नेमके कुठे छापलेले असते, हे दाखवणारे एक स्पष्ट छायाचित्र सोबत द्यावे.

आपली विश्वासू,
एक गृहिणी, नेरुळ, नवी मुंबई