किराणावाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

हे तुम्हाला दुकानात येऊनच सांगणार होते. पण गळा दाटून आला आणि नुसता साबण घेऊन परत फिरले. म्हणून लिहितेय.

माझी लेक पाचवीत आहे. ७ रुपये ५ पैसे हे ती ७.५ असं लिहायची. शाळेतून वहीवर लाल शेरा यायचा, 'लक्ष नाही'. शिकवणी लावली, तर तिथे तेच गणित वीस वेळा लिहून आणायला सांगितलं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ सालीच चलनातून गेली. या मुलीने पाच पैसे कधी डोळ्यांनी पाहिलेच नाहीत, हे एकाही शिकवणाऱ्याच्या मनात येऊ नये? रात्री वही उघडली की ती रडायची. मीही ओरडायचे.

त्या संध्याकाळी ५० ग्रॅम बडीशेप घेतली. भाव २४० रुपये किलो. तुम्ही तिलाच विचारलंत, "किती झाले गं?" ती म्हणाली, "०.५० गुणिले २४०. एकशे वीस."

तुम्ही हसला नाहीत. काट्यावर आधी अर्धा किलो साखर ठेवलीत. ०.५००. ती उचलून बडीशेप ठेवलीत. ०.०५०. आणि गप्प उभे राहिलात. मागे गर्दी झाली होती. कुणीतरी म्हणालं, "आटपा हो लवकर." तुम्ही म्हणालात, "थांबा जरा, आमची पोरगी हिशोब करतेय."

काका, वर्षभरात तिच्यासाठी कुणी थांबलंच नव्हतं. शाळेत पुढच्या धड्याची घाई, शिकवणीत पुढच्या बॅचची. तुमचं तर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी तुम्ही थांबलात. तिने आकड्यांकडे पाहिलं, ओठ हलले, आणि "बारा!" म्हणून ती इतक्या मोठ्याने ओरडली की मघाचे ते गृहस्थही हसले. मग गल्ल्याच्या कोपऱ्यातलं पाच पैशांचं जुनं चौकोनी नाणं तिच्या हातावर ठेवून तुम्ही म्हणालात, "अशी वीस जमली की रुपया." घरी येऊन तिने न सांगता ७.५ खोडलं आणि ७.०५ लिहिलं.

पदवी नाही, फी नाही, कुणी नेमलेलंही नाही. तरी दुसऱ्याच्या लेकराला आपलं म्हणणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांची मुलं शिकतात.

आता सव्वा किलो म्हणजे १.२५०, पावणेदोन म्हणजे १.७५० असं ती मलाच विचारून तपासते. शनिवारी पाऊण किलो रव्याला तिला एकटीलाच पाठवते आहे. हिशोब तिलाच करू द्या.

तुमची,
बडीशेपवालीची आई