पानांवर क्रमांक घालणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात आणून दिले असते, तर तुम्ही ते न वाचता घडी करून खिशात ठेवले असते आणि ‘चहा घेता का मॅडम’ म्हणून विषय बदलला असता. म्हणून ते चारचौघांसमोर लिहीत आहे. तुमचे नाव आणि तुम्ही जिथे काम करता त्या गृहसंकुलाचे नाव मुद्दाम टाळले आहे, कारण तुम्ही कंत्राटदाराच्या हाताखाली आहात आणि खरे लिहून ठेवणाऱ्या माणसाचे कौतुक सगळ्यांनाच मानवते असे नाही. बावधनच्या बाजूला रामनदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी एक संकुल आहे आणि त्याच्या तळघरातील सांडपाणी प्रक्रिया केंद्र तुम्ही सांभाळता, एवढी ओळख पुरे.

मी पर्यावरण नियोजक आहे, असे सांगितले की बहुतेकांना मी झाडे लावते असे वाटते. प्रत्यक्षात माझा दिवस अटींच्या यादीत जातो. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, ती मंजुरी अटींसह मिळते, आणि त्या अटी पाळल्या जात आहेत की नाहीत हे दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला लेखी कळवावे लागते. या दोन तारखांच्या आधीचा आठवडा पुण्यातील सल्लागारांच्या कार्यालयांत कसा जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

तुमच्या संकुलाचे काम माझ्याकडे आले तेव्हा आधीच्या सल्लागार कंपनीचे अहवाल मी एकापाठोपाठ एक वाचले. चकचकीत मुखपृष्ठ, स्पायरल बांधणी, आणि प्रत्येक अटीसमोर ‘पालन केले जात आहे’ हे एकच वाक्य. एका अहवालात दुसऱ्याच कुठल्या तरी प्रकल्पाचे नाव राहून गेले होते आणि तुमच्या संकुलात अस्तित्वातच नसलेल्या शाळेभोवती वृक्षारोपण पूर्ण झाल्याची ग्वाही दिलेली होती. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा बीओडी, म्हणजे पाण्यात सेंद्रिय घाण किती उरली हे सांगणारा आकडा, भर उन्हाळ्यात आठ, धो धो पावसात आठ, आणि दिवाळीत निम्मे संकुल गावी गेलेले असतानाही आठच. जिवंत जिवाणूंवर चालणारी यंत्रणा इतकी शिस्तीत वागत नसते, हे या विषयातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. त्या कंपनीने या अहवालांचे पैसे वेळच्या वेळी घेतले होते, एवढे नमूद करून पुढे जाते.

एरवी हे सगळे खपून गेले असते. पण तिसऱ्या टप्प्याच्या विस्तारासाठी केंद्रीय मंत्रालयाच्या नागपूर येथील प्रादेशिक कार्यालयाकडून प्रमाणित अनुपालन अहवाल, म्हणजे अटी कितपत पाळल्या याचा तपासून दिलेला दाखला, हवा होता, आणि त्यासाठी अधिकारी स्वतः जागेवर येणार होते. कागदपत्रांची पुढची वाटचाल इथे सांगत बसत नाही. सांगायचे एवढेच की सांडपाणी केंद्र खरोखर केव्हा चालले आणि केव्हा बंद होते, याचा पुरावा ना विकसकाकडे होता ना व्यवस्थापकाकडे. ज्याला विचारावे तो दुसऱ्याचा नंबर देत होता.

मग मी तळघरात उतरले. तुम्ही वायुवीजन टाकीतील तपकिरी पाणी लिटरच्या मोजपात्रात भरले होते आणि ते ओट्यावर ठेवून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता. अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो यावरून टाकीची तब्येत कळते, हे मी पुस्तकात शिकले होते, पण इतक्या निगुतीने ते रोज करणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे. गाळाची रेषा बरीच खाली थांबली तेव्हा तुम्ही म्हणालात, “बॅक्टेरिया उपाशी आहेत, मॅडम. शाळांना सुट्ट्या लागल्या की असंच होतं.” आणि ते लिहून ठेवण्यासाठी तुम्ही फळीवरून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली एक दोनशे पानी वही काढली.

ही वही ठेवायला तुम्हाला कोणी सांगितले नव्हते. कंत्राटदाराने दिलेले छापील तक्ते वेगळे होते, आणि ते महिनाअखेरीस एका बैठकीत भरले जात हे तुम्ही मला हसून सांगितले. वहीत मात्र रोजची ओळ होती. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर केव्हा सुरू, केव्हा बंद, वीजमीटरचा आकडा, गाळ किती, फेस कसा, वास कसा. ‘गुरुवार. लाईट नाही. १० ते ४ बंद.’ ‘कुणीतरी ड्रेनेजमध्ये ॲसिड ओतलं. गाळ काळा पडला.’ आणि पावसाळ्यातील एका पानावर, ‘ब्लोअर नं. २ जळाला. साहेबांना सांगितले.’ त्याखालच्या दिवशी, ‘सांगितले.’ त्याखाली, ‘परत सांगितले.’ ते पान भरेपर्यंत असेच. एवढ्या वर्षांत मी वाचलेल्या जाडजूड अहवालांपैकी एकाही पानाने मला इतके सांगितलेले नाही.

पण मामा, मी आभार मानते आहे ते केवळ वहीसाठी नाही. अधिकारी येण्याच्या आधी जी बैठक झाली, तिच्यात एका जबाबदार पदावरील गृहस्थांनी सुचवले की वहीतील अक्षर वाईट आहे, डाग पडले आहेत, तेव्हा ती कुणा नीटनेटक्या मुलाकडून नव्याने लिहून घ्यावी, आणि ‘नको ते’ दिवस गाळावेत. मी विरोध करण्यासाठी शब्द जुळवत होते. तुम्ही दाराशी उभे होता. तुम्ही वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. तुम्ही वही घेऊन कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलात, माझ्याकडून लाल पेन मागून घेतले, आणि पहिल्या पानापासून प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात क्रमांक घालू लागलात. बैठक चालू होती आणि तुम्ही अंगठा जिभेला लावून पाने उलटत होता. ब्लोअर जळाल्याच्या पानावरही क्रमांक पडला, ॲसिडच्या पानावरही पडला, आणि शेवटची कोरी पानेसुद्धा तुम्ही सोडली नाहीत. शेवटच्या पानावर तुम्ही एकूण पाने किती ते अक्षरी लिहिले, खाली तारीख घालून सही केली आणि वही माझ्या हातात दिली. त्या खोलीतील प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला. आता एक पान जरी गेले असते तरी ते गेले हे दिसले असते.

मला कायद्यांची कलमे पाठ आहेत. १९७४ चा जल अधिनियम, १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम, त्यांखालील नियम, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे आदेश, सगळे माझ्या टेबलावर असते. त्या दिवशी त्यांतले काहीही मला तोंडातून काढावे लागले नाही. एका पेनाने ते काम केले.

अधिकाऱ्यांनी वही घेतली आणि केंद्राच्या स्वतंत्र वीजजोडणीची बिले शेजारी ठेवली. तुमच्या वहीत जे दिवस बंद होते, त्या काळात विजेचा वापरही तेवढाच घसरलेला होता. त्यांनी तुम्हाला गाळाची चाचणी करून दाखवायला सांगितले, आणि ती अर्धा तास त्यांनी उभे राहून पाहिली. शेवटी सांडपाण्याच्या अटीसमोर ‘अंशतः अनुपालन’ असा शेरा आला. विकसकाच्या कार्यालयात त्यावर नाराजी होती, कारण आधीच्या कंपनीच्या कागदांत सगळेच कसे पूर्ण होते. पण त्या शेऱ्यामुळेच राखीव ब्लोअरची मागणी लेखी नोंदली गेली आणि ती मुदतीत पुरी करावी लागली. तुम्ही पानभर ‘परत सांगितले’ लिहून जे मिळाले नव्हते, ते त्या एका शब्दाने मिळाले.

मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी २०१६ मध्ये ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला. ११ केंद्रे, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. ते काम आवश्यकच आहे. पण पुण्याच्या कडेकडेने वाढलेल्या संकुलांचे पाणी आधी तुमच्यासारख्यांच्या तळघरांतून जाते, आणि तिथे ब्लोअर बंद असला तर ते ओढ्यातून रामनदीत, तिथून मुळेत आणि शेवटी भीमेवाटे उजनीच्या जलाशयात पोहोचते. त्या पाण्याकाठी राहणाऱ्या कुणाला तुमचे नाव कधी कळणार नाही.

माझ्या कामात चांगली माणसे नाहीत असे मी कधीच म्हणणार नाही. बर्फ वितळून नमुना गरम झाला म्हणून तो तपासायला ठाम नकार देणारी प्रयोगशाळेतील एक मुलगी मी पाहिली आहे. बीओडीसाठी बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवायची, तर ती तीनच दिवस ठेवणार, ग्राहकाला घाई असली तरी. फाईल अपुरी आहे हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून माझे कितीतरी हेलपाटे वाचवणारे एक कारकून आहेत. अशा माणसांना पदव्या, पुरस्कार काही मिळत नाही, आणि बहुधा पगारही वेळेवर मिळत नाही. सचोटी हा शब्द भाषणांत फार ऐकू येतो. मला तो प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेला दिसला.

तुमच्यासाठी मी काही मोठे करू शकले नाही. तुमच्या वहीतील रकाने जसेच्या तसे घेऊन मी माझ्याकडील इतर संकुलांतही तशाच वह्या सुरू केल्या आहेत, पानांवर क्रमांक आधीच घालून. तळघरातील त्या खोलीत वायू साचतो आणि तुम्हाला डोके धरून बसावे लागते, हेही मी सोसायटीला लेखी कळवले आहे. हवा बाहेर टाकणारा पंखा या महिन्याअखेर बसवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. तो बसला नाही, किंवा बसून बंद पडला, तर तारीख घालून वहीत लिहा आणि मला फोन करा.

आपली नम्र,
एक पर्यावरण नियोजक
पुणे