भीतीबद्दल नीट विचारलंत, म्हणून

डॉ. युरिको सुझुकी यांस,

स. न. वि. वि.

मार्च 2011 मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्ट्या वितळल्या, तेव्हा साऱ्या जगाचं लक्ष मायक्रोसिव्हर्टच्या, म्हणजे किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याच्या एककाच्या, आकड्यांवर होतं. जानेवारी 2012 मध्ये, घरदार सोडावं लागलेल्या पंधरा वर्षांपुढच्या 1,80,604 जणांना टपालाने एक प्रश्नावली गेली. त्यातल्या 59,807 उत्तरांवर आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी लिहिलेला शोधनिबंध 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. मराठीतून मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्यांना तो फार उपयोगी पडतो. त्याबद्दल हे आभार.

प्रश्नावलीतला मानसिक ताणाचा भाग जेमतेम सहा प्रश्नांचा. गेल्या तीस दिवसांत किती वेळा जीव घाबरा झाला, आशा संपल्यासारखी वाटली, एका जागी बसवेना, कशानेच मन रमेना, प्रत्येक गोष्ट रेटून करावी लागली, आपण कुचकामी आहोत असं वाटलं. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चोवीस. तेरा किंवा त्याहून अधिक आले की ताण गंभीर धरायचा. जपानच्या सर्वसाधारण लोकसंख्येत असे साधारण 3 टक्के लोक असतात, तुमच्या पाहणीत 14.6 टक्के निघाले. तेराचा आकडा म्हणजे निदान नव्हे, कुणाशी आधी बोलायचं ते ठरवण्याची ती चाळणी आहे. म्हणूनच फुकुशिमात जास्त गुण आलेल्यांना नुसतं पत्रक न पाठवता फोन केले गेले.

पण आमच्या दृष्टीने खरं मोल दुसऱ्याच प्रश्नांचं. किरणोत्सर्गामुळे पुढे कधी आपल्याला आजार होईल का? आपल्या मुलानातवंडांवर परिणाम होईल का? ‘मुळीच शक्यता नाही’पासून ‘खूप शक्यता आहे’पर्यंत चार पर्याय. ‘खूप शक्यता आहे’ म्हणणाऱ्यांत गंभीर ताण जास्त आढळला. वय, शिक्षण, आधीचा मानसिक आजार, आपत्तीतलं नुकसान हे सगळं हिशेबात धरूनही तो जास्तच राहिला. एकाच वेळच्या पाहणीतून भीतीमुळे ताण आला की ताणामुळे भीती वाढली हे ठरत नाही, आणि कामापुरतं ठरवायची गरजही नाही. दोन्ही एकत्र विचारायचं, एवढं पुरतं. भीतीला अडाणीपणा म्हणून झटकण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

हे प्रश्न मराठीत आणताना मात्र चांगलीच दमछाक होते. ‘धोका’ लिहावं तर त्यात दगाबाजीचाही अर्थ येतो. ‘जोखीम’ म्हटलं की विमा एजंट आठवतो. म्हणून साधं ‘कितपत शक्यता वाटते’ बरं. ‘रेडिएशन’ या शब्दात मोबाइलचा मनोरा, एक्स-रे आणि अणुबॉम्ब एकाच पंगतीला बसतात. कर्करोगाच्या उपचारात त्यालाच लोक ‘लाईट देणं’ म्हणतात, आणि मग घरी आजी नातवाला जवळ घ्यायला कचरते. बाहेरच्या यंत्राने ‘लाईट’ घेतलेल्या माणसाच्या शरीरात किरणोत्सर्गी काहीच उरत नाही, मांडीवर नातू खुशाल बसावा. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेल्याने मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस मुलांपासून आणि गरोदर बाईपासून अंतर ठेवायचंच. दोघांना एकच उत्तर दिलं तर एकाला विनाकारण तोडतो आणि दुसऱ्याच्या घरच्यांना खरंच अडचणीत आणतो.

आकडाही कसा भीती बनतो, ते जपानच्या ताशी 0.23 मायक्रोसिव्हर्टवरून दिसतं. वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट (म्हणजे 1,000 मायक्रोसिव्हर्ट) जादा मात्रा धरायची, माणूस आठ तास बाहेर आणि सोळा तास घरात, घरात मात्रा बाहेरच्या 0.4 पट. या गणिताने ताशी 0.19 येतात, त्यात नैसर्गिक 0.04 मिळवले की 0.23. साफसफाई कुठे करायची हे ठरवायला काढलेला हा अंदाज लोकांच्या मनात लक्ष्मणरेषा झाला. 0.22 म्हणजे सुरक्षित, 0.24 म्हणजे घात! अशा वेळी केळ्यातल्या किरणोत्सर्गी पोटॅशियमची किंवा विमानप्रवासाची तुलना पुढे केली की माणूस आणखी चिडतो, कारण केळं त्याने स्वतः निवडून खाल्लेलं असतं. आधी विचारावं, ऐकावं, मग त्याच्या स्वतःच्या मोजमापाचा आकडा दाखवावा. तान्ह्या बाळांच्या शरीरातलं किरणोत्सर्गी सीझियम मोजणारं ‘बेबीस्कॅन’ यंत्र फुकुशिमात बसवलं गेलं, त्यामागचं कारण हेच. मुलांच्या शरीरातून सीझियम मोठ्यांपेक्षा लवकर बाहेर पडतं, त्यामुळे शास्त्रापुरतं आईवडिलांना मोजणं पुरेसं होतं. आयांना ते पुरेसं नव्हतं.

पुढच्या पिढीबद्दलच्या प्रश्नासाठी तर वेगळे आभार मानायला हवेत. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांत आनुवंशिक परिणाम दिसून आलेले नाहीत. तरी पहिल्या पाहणीत सुमारे 60 टक्के लोकांनी तशी शक्यता आहे असं म्हटलं. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण 40 टक्क्यांच्या खाली आलं, पण भीती पुरती गेली नाही. लग्नाच्या बोलणीत एखाद्या मुलीने आपलं गाव लपवावं, इतपत ही धास्ती पोचते. सोयरीक जुळवताना घराण्यातला आजार झाकण्याची रीत असलेल्या आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मराठी प्रश्नावलीत आपले दोन्ही प्रश्न सहा प्रश्नांच्या लगेच खाली ठेवले आहेत, त्याच पानावर. पान उलटायला लागलं की लोक ते कोरे सोडतात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मराठीतून मानसिक आरोग्याचं काम करणारे काही कार्यकर्ते