गेंडा कपाळापासून सुरू होतो

मा. संपादक,
स. न.

राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस जवळ आले की आनुई, सार्त्र, आयनेस्को या फ्रेंच नाटककारांच्या भाषांतरांवरची धूळ झटकली जाते. कोल्हापूरच्या हौशी रंगभूमीला हे शोभणारेच आहे. अडचण एवढीच, की ही नाटके ‘मानवी अस्तित्वाची’ म्हणून बसवायला घेतात आणि त्यांतले राजकारण पहिल्याच काटछाटीत उडते.

आनुईची ‘अँतिगॉन’ पॅरिसच्या आतलिए नाट्यगृहात ६ फेब्रुवारी १९४४ रोजी आली, तेव्हा शहर जर्मनांच्या ताब्यात होते आणि संहिता त्यांच्याच सेन्सॉरने पास केलेली होती. भावाचे प्रेत पुरण्यावरची बंदी मोडणारी अँतिगॉन काहींना आपली वाटली, तर राज्यकारभार कुणीतरी हाकायलाच हवा असे मानणारा राजा क्रेऑन दुसऱ्या काहींना. म्हणून क्रेऑनला खलनायक केले की नाटकातला दमच जातो. तो थकलेला, हिशेबी, वरकरणी समजूतदार कारभारी आहे. ओळखीचा वाटला पाहिजे. दोघांचा मोठा प्रवेश वेळेत बसवताना नेमका एक तुकडा कापला जातो. तुझे दोन्ही भाऊ सारखेच नालायक होते, प्रेते ओळखण्यापलीकडे गेली होती, त्यांतल्या जरा बऱ्या प्रेताला सरकारी इतमाम दिला, असे क्रेऑन सांगतो तो. हे गेले की अँतिगॉन नुसती हट्टी पोर दिसते. शेवटी पत्ते कुटत बसणारे पहारेकरीही गाळू नयेत. सत्ता कुणाचीही असो, त्यांचा डाव चालूच राहतो.

पुराणकथेआडून परक्या सत्तेशी बोलणे आपल्याला नवे नाही. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तला (१९०७) कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. सरकारलाही ते कळले आणि १९१० मध्ये बंदी आली.

सर्वांत जास्त हाल होतात ते आयनेस्कोच्या ‘ऱ्हायनोसेरॉस’चे. गावातली माणसे हळूहळू गेंडे होत जातात, असे हे नाटक. हे नाटक आधी १९५९ मध्ये ड्यूसेलडॉर्फला जर्मन भाषेत झाले, मग १९६० मध्ये दिग्दर्शक बारोने ते पॅरिसला केले. त्यामागे १९३० च्या दशकातला रुमानिया आहे, जिथे लेखकाच्या ओळखीतली शिकलीसवरली माणसे एकेक करून फॅसिस्टांकडे सरकत गेली. सरकत गेली, हे महत्त्वाचे. पहिल्याच अंकात पुठ्ठ्याचे मुखवटे आणले की ते बालनाट्य होते.

नायक बेरांजेचा मित्र ज्याँ याचा गेंडा होतो तो प्रवेश असा बांधावा. न्हाणीघर विंगेत. ज्याँ आत-बाहेर करतो, त्या प्रत्येक फेरीत चेहऱ्यावर हिरवा रंग थोडा वाढवायचा, कपाळावरचे टेंगूळ मोठे करायचे, आवाज घोगरा करत न्यायचा. विंगेत रंगभूषेला स्वतंत्र माणूस, आरसा, छोटी बॅटरी आणि स्पंज हवा. रंग पाण्यात कालवायचा घ्यावा. तेलकट रंग सुकत नाही आणि सदऱ्याला लागतो. याच वेळी ज्याँ नीतीऐवजी निसर्गाचा नियम हवा, असे म्हणू लागतो. शब्द आणि रंग एकत्र चढले पाहिजेत. नुसत्या रंगभूषेला टाळ्या पडल्या तर प्रवेश फसला समजावे.

बेरांजेच्या कचेरीतला प्रवेश लांबतो म्हणून तो कापायचा मोह होतो. पण सगळी सामाजिक चिरफाड तिथेच आहे. त्याचा सहकारी बोतार, युनियनच्या भाषेत बोलणारा, आधी सगळे वर्तमानपत्रांचे थोतांड म्हणतो, मग त्याला त्यात कारस्थान दिसते, आणि शेवटी काळाबरोबर चालायला तोही कळपात जातो. दुसरा सहकारी, पदवीधर द्यूदार, प्रत्येक गोष्ट ‘समजून घेत’ राहतो. असे द्यूदार आपल्याकडे चहाच्या टेबलावर रोज भेटतात. ही दोन माणसे गाळून पात्रसंख्या कमी होईल, पण लोक गेंडे का होतात याचे उत्तरही त्यांच्याबरोबर जाईल.

शेवटच्या स्वगतात बेरांजेला वीरपुरुष करू नये. शरण जाणार नाही असे ओरडण्याआधी तो स्वतःच गेंड्यासारखे हंबरून पाहतो, पण जमत नाही. यासाठी ध्वनिमुद्रण आधीपासून आखावे लागते. पहिल्या अंकात टापांची कर्कश धडधड हवी. तिसऱ्या अंकात त्याच आवाजाला हळूहळू ताल आणि सूर येऊ द्यावा. एकच आवाज शेवटपर्यंत वाजवला, तर बेरांजेला मोह कशाचा पडला हे प्रेक्षकाला ऐकूच येत नाही.

– एक रंगकर्मी, कोल्हापूर