शिडीऐवजी करवत

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर हा विषय काढला की तुम्ही "बघू, बघू" म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून लिहून पाठवतेय. वळवाचे पाऊस सुरू व्हायच्या आत माडाच्या वाळक्या झावळ्या उतरवायला हव्यात, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. परवा एक झावळी गाडीच्या शेडवर आली आणि पत्रा चेपला, हे आईनं सांगितलं. पण त्यावरचा तुमचा उपाय मला पटलेला नाही. उद्यमनगरातून इंची जीआय पाइप, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, आणायचा, टोकाला कोयता वेल्ड करून घ्यायचा आणि शिडीवर चढून ओढायचं, हे आता नको. लांब दांड्याची करवत मी घेऊन देते. कुठली आणि का, ते खाली लिहिलंय. सगळा जन्म लेथवर काढलेल्या माणसाला मी पाइप शिकवतेय, तेव्हा चुका काढालच. काढा.

आधी तुमच्या पाइपचाच हिशेब. मीडियम क्लासचा इंची जीआय पाइप मीटरला साधारण 2.4 किलो भरतो. पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर, म्हणजे नुसता पाइपच 11 किलोचा. त्यावर कोयता. उभा धरलाय तोवर ठीक, पण जरा कलला की सगळा भार मनगटावर आणि कमरेवर. अर्धा इंची घेतला तर वजन निम्मं होईल, पण टोक इतकं डुलेल की कोयता देठावर नेमका बसायचाच नाही. याउलट 32 मिमी व्यासाचा, दीड मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पाइप मीटरला 400 ग्रॅमच्या आसपास बसतो. गुणाकार तुम्हीच करा.

आता झाडं. आपल्याकडं चार आहेत, पण करवत लागणार आहे एकालाच. फाटकाजवळच्या दोन बॉटल पामना हात लावायचा नाही. खोडाच्या वर जो गुळगुळीत हिरवा नळा दिसतो, तो झावळ्यांच्या बुडांचाच बनलेला असतो. सर्वांत खालची झावळी जून झाली की तिचं बूड आपोआप सुटतं आणि ती अख्खी गळून पडते. तो नळा करवतीनं कापला तर आतला कोवळा भाग उघडा पडतो. सुटत आलेली झावळी लोंबत असेल तर आकडीनं ओढून घ्या, बस्स. आणि स्कूटर तिच्याखाली लावू नका, त्या झावळ्या दिसतात त्यापेक्षा जड असतात.

मागच्या बाजूचा बुटका माड, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून रोप आणलेला तो टी बाय डी (उंच आणि बुटक्या जातींचा संकर), हे करवतीचं खरं गिऱ्हाईक. त्याची सर्वांत खालची झावळी जमिनीपासून सोळा फुटांवर आहे, मागच्या वेळी आले तेव्हा बघून ठेवलंय. दांडा सरळ उभा धरून झाडाच्या बुडाशी उभं राहायचं नाही, कारण तुटलेली झावळी दांड्यावरून घसरत थेट तुमच्याकडं येते. दांडा जमिनीशी 60 अंशांचा कोन होईल इतका कललेला असू द्या आणि तुम्ही बाजूला. खालचा हात साडेतीन फुटांवर धरला तर उरली साडेबारा फूट उंची. भागिले 0.866 (60 अंशांचा साइन), म्हणजे साडेचौदा फूट दांडा झाला. म्हणून सोळा फुटी घ्यायचा, तीन टप्प्यांचा. शेवटचा टप्पा पूर्ण न ओढता फूटभर आतच ठेवायचा, म्हणजे सांधा ताठ राहतो. दुकानात "वीस फूट रीच" असं सांगतील, त्यात धरणाऱ्या माणसाची उंचीही मोजलेली असते. तुम्ही टेप घेऊन जा आणि नुसता दांडा मोजा.

यापेक्षा लांब घ्यावा, एकदाच काम होईल, असं तुमच्या मनात येणार. पंचवीस फुटी दांडे मिळतात. पण तेवढी लांबी मान वर करून सांभाळायची म्हणजे पहिल्या दोन झावळ्यांतच खांदे भरून येतात, आणि थकलेल्या हातातला दांडा कुठंही जातो. झाडाची उंची बघून करवत घेऊ नका, तुमचा खांदा बघून घ्या. हात पोचत नाही ते झाड आपलं नव्हे, ते चढणाऱ्याचं.

आता दांडा कशाचा, यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय. मागच्या अंगणात तारा नाहीत, तिथं हलका ॲल्युमिनियमच चालला असता. पण मला तुम्ही माहीत आहात. हातात अवजार आलं की एक दिवस तुम्ही तेच घेऊन गल्लीकडच्या उंच बाणवली जातीच्या माडाखाली उभे राहणार, आणि तिथं महावितरणच्या तारा आहेत. लोखंड काय आणि ॲल्युमिनियम काय, दोन्हीतून वीज सरळ हातात उतरते. म्हणून फायबरग्लासचा घ्यायचा. तो जरा जड पडेल, किंमतही जास्त, तरी तोच. त्यातही बघून घ्या: काही दांड्यांचा फक्त खालचा टप्पा फायबरचा असतो आणि आतले ॲल्युमिनियमचे. शिवाय फायबरसुद्धा कोरडा आणि स्वच्छ असेल तोवरच वीज अडवतो. पावसात भिजला, चिकट मळ बसला की भरवसा संपला. तेव्हा दांडा कुठलाही असो, तारेपासून दहा फूट लांब. ओली हिरवी झावळी तारेला टेकली तर तिच्यातूनही करंट येतो. तारेजवळच्या झावळ्यांसाठी 1912 वर फोन करायचा. पावसाळ्याआधी ते लाइनजवळच्या फांद्या छाटतातच, त्यांना लाइन बंद करता येते, आपल्याला नाही.

दांडा हातात घेतल्यावर आधी टप्पे अडकवणारे खटके बघा. पिळून घट्ट करायचे नकोत, भुसा-धूळ आत गेली की ते सरकतात. भोकात पिन बसणारे हवेत. दुकानाबाहेर रस्त्यावर दांडा पूर्ण उघडा, बूड जमिनीला टेकवा आणि वरून अंगाचा भार द्या. एक सूतभर जरी सरकला तरी परत ठेवा. गोल दांड्यापेक्षा लंबगोल बरा, पातं कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते हातालाच कळतं आणि ते भलतीकडं फिरत नाही.

पात्याचं तुम्हाला आवडेल. वाकडं, तेरा ते पंधरा इंची, आणि ओढताना कापणारं हवं. आपली नेहमीची सुतारी करवत ढकलताना कापते, जपानी पद्धतीची ओढताना. सोळा फुटांवरून ढकलायला गेलात तर दांडाच वाकतो. ओढताना मात्र दांड्याचं वजनही आपल्या बाजूनं काम करतं. दात मोठे हवेत, इंचाला पाच-सहा. बारीक दातांत माडाचे धागे अडकून बसतात. दातांच्या टोकांना निळसर झाक दिसली तर समजा इंडक्शन हार्डनिंग केलेलं आहे, म्हणजे विजेनं तापवून टोकं कडक केलेली. असे दात जास्त टिकतात, पण त्यावर तुमची कानस चालणार नाही. माडाच्या देठात वाळूसारखे बारीक कण असतात, त्यामुळं दात आज ना उद्या बोथट होणारच. म्हणून दुकानदाराला एकच विचारा: नुसतं पातं मिळतं का? नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात. पात्याच्या बुडाशी आकडी असेल तर उत्तम, अडकलेली झावळी तिनंच ओढता येते.

दादा म्हणतोय बॅटरीवरची साखळी करवत घ्या. मोटार वर टोकाला, सगळं वजन वर. आणि माडाचे लांब धागे साखळीत नि तिच्या दातेरी चाकात गुंडाळले की दर दोन मिनिटांनी थांबून उकलत बसायचं. आंब्याच्या फांदीला ती भारी, माडाला नाही. त्याला सांगा, तुझ्या बंगल्यात आंबा लाव.

कापायचं काय, हे मात्र घरात दोघांनी मिळून ठरवा, कारण गेल्या वर्षी नारळ काढणाऱ्यानं आपल्यासमोरच हिरव्या झावळ्याही उडवल्या आणि झाड शेंडी राखलेल्या बटूसारखं केलं. जास्त कापलं की काम जास्त दिसतं, म्हणून ते तसं करतात. माडाला महिन्याला साधारण एक नवी झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा. खालच्या झावळीवरच नारळांच्या पेंडीचा भार टेकलेला असतो. आई म्हणाली ना, या वेळी नारळ लहान झाले? झाडाचं अन्न झावळीतच तयार होतं, तीच कापली तर दुसरं काय होणार? खालच्या झावळ्या नुसत्या पिवळ्या पडल्या असतील तरी ठेवा. पालाश (पोटॅश) कमी पडलं की झाड जुन्या झावळीतलं काढून नव्याला देतं. ती झावळी तोडली की पिवळेपणा वरच्या झावळ्यांवर सरकतो. पूर्ण वाळलेली, तपकिरी, खाली लोंबणारी, तेवढीच कापायची.

आणखी एक. हिरव्या देठाच्या ताज्या जखमेच्या वासानं सोंड्या भुंगा येतो आणि तिथं अंडी घालतो. अळ्या आत शिरल्या की बाहेरून काहीच दिसत नाही, दिसतं तेव्हा शेंडा मान टाकून बसलेला असतो. माडाला वाढीचा कोंब एकच, तो गेला की झाड गेलं. म्हणून हिरवी झावळी कापावीच लागली तर खोडापासून चार फूट देठ ठेवून कापायची. वाळक्या झावळीला ही भीती नाही, पण तिथंही आधी खालून दोन-तीन हलके हात मारायचे, मग वरून कापायचं. नाहीतर देठ तुटताना खोडाची साल ओरबाडत खाली येते.

हे सगळं डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर लेथवरचा तुमचा चष्मा घालून. वर बघून करवत चालवली की भुसा सरळ डोळ्यांतच पडतो. वारा असेल त्या दिवशी नको. पाऊस झाला असेल तर अजिबात नको.

राहिला गल्लीकडचा बाणवली. तो पन्नास फुटांच्या पुढं गेलाय, त्याला आपल्या घरातलं कुणीही हात लावायचा नाही. यंत्रावर चढणारा माणूस बोलवा. केरळात चढणारी माणसं मिळेनाशी झाली तेव्हा नारळ विकास मंडळानं 2011 पासून यंत्रानं चढायचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. आता तशी यंत्रं आपल्याकडंही दिसतात, कमरेला पट्टा बांधून चढतात. नुसत्या पायात दोर घालून चढणारे मामा कसलेले आहेत, मान्य, पण त्यांचंही वय झालंय. जो येईल त्याला आधी तार दाखवा, आणि "वाळकं तेवढंच" हे चढायच्या आधी सांगा. वर गेल्यावर खालून ओरडलेलं कुणालाच ऐकू जात नाही. शेजारचे काका झाडच तोडा म्हणतात, त्यांना सांगा की शहरात झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे. बाकी वाद घालू नका.

आई, तुला वेगळं सांगायचंय. बाबा करवत चालवत असतील तेव्हा तू दांडा धरायला जाऊ नकोस. तू फाटकाची कडी घाल, सुट्टीला आलेली शेजारची पोरं आत येऊ देऊ नकोस आणि वाळवणं त्या दिवशी गच्चीवरच टाक. खराट्याला ओल्या झावळीचे हीर चिवट निघतात हे मला माहीत आहे, पण त्यासाठी हिरवी तोडायला लावू नकोस. वाऱ्यानं पडलेल्या झावळ्यांत एखादी ओली असतेच, तिचे काढ. बाबांनी तीन झावळ्यांच्या वर काम चालवलं तर चहाला हाक मार, नक्की थांबतील.

पातं काम झाल्यावर पुसून स्पिरिटचा बोळा फिरवा, तेलाचा हात द्या आणि त्याचं कव्हर घालून ठेवा. बंद केलेला दांडा सहा-साडेसहा फूट भरेल, माडीवरच्या खोलीत भिंतीला आडवा टांगता येईल.

पुढच्या महिन्यात मी येतेय, तोवर झालं नसेल तर आपण दोघं मिळून करू. शिडी मात्र नको.

कळावे.

तुमची
धाकटी

ता. क. लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत मिळाली तर तिथूनच घ्या, हातात धरून बघता येते. पैसे आईच्या खात्यात टाकलेत. तुमच्या खात्यात टाकले असते तर पाइपच आला असता.